पी००८७ काही केल्या जात नाही: जुनी डिझेल पिकअप घाटात दम सोडते

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी. आमची २०१५ ची बीएस-४ डिझेल पिकअप आहे, पुणे पासिंग, सेकंडहँड घेतलेली, दोन लाखांच्या वर चाललेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण रोग कॉमन रेलच्या (पंप डिझेल दाबून एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरतो आणि तिथून नोझल ते इंजिनात फवारतात) कुठल्याही गाडीला होणारा आहे.

आम्ही संगमनेरच्या बाजूने नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो नेतो. साठ-सत्तर क्रेट भरले की चंदनापुरी घाटात अर्ध्यावर गाडी दम सोडते. आधी हुंदके खाते, मग चेक इंजिनचा दिवा लागतो आणि एक्सलेटर कितीही दाबा, इंजिन दोन हजाराच्या वर फिरत नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली, दहा-पंधरा मिनिटं थांबलं, की पुन्हा व्यवस्थित ओढते. सपाटीला किंवा रिकामी असताना तक्रार नाही.

स्कॅनर लावला की दर वेळी तोच कोड: पी००८७, रेल प्रेशर कमी. डिझेल फिल्टर नवा आहे, सेडिमेंटरमधलं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारी वाटी) पाणी काढलंय, रेलचा प्रेशर सेन्सरही नवा टाकला. गॅरेजवाले कोड पुसून देतात, पुढच्या भरलेल्या खेपेला तो परत येतो. आता म्हणतात हाय प्रेशर पंप काढावा लागेल, तीस हजारांच्या पुढे खर्च आहे. सीझन तोंडावर आहे. खरंच पंपच गेलाय का, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

लोडिंगलाइन

ताई, दोन लाखांवर चाललेल्या गाडीला पी००८७ आला म्हणजे पंप किंवा नोझल. आमच्या लाइनच्या कितीतरी गाड्यांना हेच झालं. पंप एकदा रिपेअर करून घ्या, निवांत व्हाल. सीझनमध्ये माल भरलेली गाडी घाटात उभी राहण्यापेक्षा तो खर्च परवडला.

चौदाचा पाना

ताई, थोडं थांबा. आयुष्य पंप-नोझलच्या कामात गेलंय, म्हणून सांगतो. पंप खराब असतोच, पण प्रत्येक पी००८७ पंपाचा नसतो. चांगला पंप उघडून टेबलावर ठेवलेला बघितला की मला वाईट वाटतं.

हा कोड पार्टचं नाव सांगत नाही. कॉम्प्युटरने रेलमध्ये जेवढं प्रेशर मागितलं तेवढं ठरलेल्या वेळात मिळालं नाही, इतकंच तो सांगतो. न मिळण्याची कारणं तीन प्रकारची. पंपापर्यंत डिझेलच पुरेसं पोहोचत नाही. किंवा पोहोचतं, पण पंप किंवा त्याच्यावरचा मीटरिंग व्हॉल्व (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) ते दाबू शकत नाही. किंवा दाबलेलं डिझेल नोझलमधून, नाहीतर रेलच्या लिमिटर व्हॉल्वमधून (जादा प्रेशर सोडणारा) रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपला, पळून जातं. चौथं म्हणजे सेन्सर खोटं सांगतोय, तो तुम्ही बदललाय.

आधी एवढं सांगा:
फ्रीझ फ्रेम बघितली का? कोड पडला त्या क्षणाचे आरपीएम, लोड, टेंपरेचर गाडी जपून ठेवते. कोड पुसला की तेही पुसलं जातं, म्हणून पुढच्या वेळी आधी फोटो काढा.
गरम इंजिन बंद करून लगेच सेल्फ मारला तर पटकन लागतं का?
टाकी भरलेली असताना आणि कमी असताना फरक पडतो का?
डिझेल कधी कॅनमधून भरता का?

वायरमन

सेन्सर नवा टाकला म्हणजे तो खरं सांगतो असं नाही. कपलर (वायरीचा जोड) आणि वायरिंग जुनंच आहे ना? गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी फक्त चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. रेल प्रेशर शून्याच्या आसपास दिसायला हवं. उभ्या गाडीत पन्नास-साठ बार दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची अर्थिंग तपासा. मीटर असेल तर सेन्सरला पाच व्होल्ट येतात का बघा. शून्य प्रेशरला सिग्नलच्या वायरवर साधारण अर्धा व्होल्ट असतो. मग इंजिन चालू करून कपलर आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवा. आकडा उड्या मारायला लागला तर रोग वायरीत आहे.

प्रवराकाठ

पाना काका, वायरमन दादा, आभार. काल भरलेली खेप होती, कोड पुसायच्या आत फोटो काढला. आरपीएम २१५०, लोड ९६ टक्के, स्पीड ३४, पाण्याचं टेंपरेचर ८८.

गरम इंजिन पहिल्या सेल्फला लागतं. थंडही लागतं. धूर काळा-पांढरा काहीच जास्त नाही. टाकी भरलेली असो वा पाव, घाटात तेच. पेट्रोल पंपावरूनच भरतो आम्ही, आधीच्या मालकाचं माहीत नाही. सकाळी चावी ऑनला रेल प्रेशर शून्याजवळ दिसलं, वायर हलवून काही झालं नाही. आयडलला २८० च्या आसपास स्थिर असतं.

चौदाचा पाना

छान माहिती दिलीत. यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, गरम इंजिन पटकन लागतं. नोझल खूप रिटर्न मारत असतील किंवा पंपाचे प्लंजर झिजले असतील तर सहसा गरम झाल्यावर सेल्फ लांबतो. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या जागेतून जास्त निसटतं, आणि सेल्फच्या कमी फेऱ्यांत रेलला इंजिन चालू होण्याइतकं प्रेशर बनत नाही. तुमच्याकडे तसं नाही. पंप अगदी शंभर टक्के सुटला असं म्हणत नाही, पण संशय उतरला.

दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे थांबल्यावर बरं होणं. झिजलेला पंप पंधरा मिनिटांत दुरुस्त होत नाही. चावी बंद-चालू केल्यावर लिंप मोड (दोष दिसला की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कमी करतो ती अवस्था) सुटतो, हे खरं. पण मग त्याच चढावर, त्याच लोडला, गाडीने थोड्याच वेळात पुन्हा मान टाकायला हवी. ती उरलेला घाट चढून जाते म्हणजे थांबलेल्या वेळात कुठेतरी काहीतरी मोकळं होतंय. माझी नजर टाकीकडे आहे.

तुमच्या प्रकारच्या बऱ्याच गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो. हाय प्रेशर पंपाच्याच अंगाला छोटा गिअर पंप असतो, तो टाकीपासून डिझेल ओढतो. वाटेत टाकीतली जाळी, लांब पाइप, सेडिमेंटर, हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा पंप), फिल्टर. यात कुठेही अडथळा आला तरी सपाटीला कळत नाही, कारण तिथे डिझेल थोडं लागतं. पूर्ण लोडवर मागणी वाढली की उणीव उघडी पडते. विहिरीवरच्या मोटारीच्या फुटव्हॉल्वला पाला चिकटावा तसं जाळीला काहीतरी चिकटतं, ओढ थांबली की सुटून खाली बसतं.

आता तपासणी. पार्ट काही विकत घ्यायचा नाही.

टाकीचं झाकण आधी. दम सोडल्याबरोबर झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली तर टाकीचा श्वास कोंडलाय. एक खेप झाकण सैल ठेवून बघा, डिझेल सांडणार नाही एवढीच टाकी भरून.

मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप टाका. चालू करताना थोडे बुडबुडे येऊन गेले तर चालतं. सतत साखळी लागली तर गाडी एअर धरतेय. ओढणाऱ्या बाजूला गळती असली की बाहेर थेंब दिसत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून खाली कोरडं आहे यावर विसंबू नका. बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडायचे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला.

आणि खरी टेस्ट: व्हॅक्यूम गेज, म्हणजे पाइपातली ओढ मोजणारं मीटर. टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज एकदा फिल्टरच्या पुढे, पंपाच्या बाजूला लावा, एकदा फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला. घाटात दोन्हीकडचे आकडे घ्या. पुढे जास्त आणि मागे कमी, तर फिल्टर किंवा त्याचं हाउसिंग. दोन्हीकडे जास्त, तर अडथळा टाकीच्या बाजूला. दोन्हीकडे कमी असूनही प्रेशर पडतंय, तर मग पंप, मीटरिंग व्हॉल्व, नोझल. तेव्हा पंप काढू, खुशाल.

बरेच मिस्त्री टाकीऐवजी कॅनवर गाडी चालवून बघतात. पद्धत चांगली आहे, पण एक खोट आहे. कॅन हौद्यात ठेवला की तो पंपाच्या वर येतो, डिझेल आपोआप उतरतं, आणि कमजोर गिअर पंपही पास होतो. म्हणून मी गेजवर जास्त विश्वास ठेवतो. कॅन लावलाच तर रिटर्नचा पाइपही त्यातच सोडा, कॅन बांधून ठेवा, केबिनमध्ये मुळीच नको.

कळकळीने सांगतो, इंजिन चालू असताना रेल किंवा नोझलच्या लोखंडी पाइपचा नट सैल करू नका आणि गळती हाताने चाचपू नका. या रेलमध्ये पूर्ण लोडला १४००-१६०० बार असतात. ती धार कातडी भेदून आत जाते, वरून टाचणीएवढं भोक दिसतं, फार दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर मलम लावून घरी बसायचं नाही, लगेच सर्जन असलेल्या हॉस्पिटलात जायचं. गळती बघायला पुठ्ठा पुढे धरा.

घाटमाथा

आमच्या भागात एक मिस्त्री रेलच्या लिमिटर व्हॉल्वच्या जागी बंद बोल्ट मारतो, आणि कोड येऊ नये म्हणून सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर टाकतो. गाड्या पळतायत. तात्पुरतं सीझनपुरतं चालेल का ताईंना?

चौदाचा पाना

नाही भाऊ, एक दिवससुद्धा नको. लिमिटर हा रेलचा सेफ्टी व्हॉल्व आहे. मीटरिंग व्हॉल्व उघडा अडकला तर प्रेशर सोडायला दुसरी वाट राहत नाही. रेझिस्टरने कॉम्प्युटरला खोटा आकडा जातो आणि तो त्या आकड्यावर डिझेल सोडतो. आधी माईलेज, मग नोझल, मग पिस्टन. शिवाय ताईंच्या गाडीत डिझेल कमी पोहोचत असेल तर या दोन्हींनी ते वाढणार नाही. डिझेल हेच या पंपाचं वंगण आहे. उपाशी पंप पळवला तर आतून खरवडतो आणि लोखंडाचा चुरा रेलमार्गे नोझलपर्यंत जातो. आज तीस हजार म्हणतायत, तेव्हा सगळी सिस्टिम धुवावी लागेल.

साता समुद्रापार

मी कॅलिफोर्नियात असतो, माझ्याकडे जुनी पेट्रोल पिकअप आहे, त्यामुळे डिझेलबद्दल बोलत नाही. कोड पुसण्याबद्दल एकच. इथे स्मॉग चेकला (प्रदूषण तपासणी) २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांचा ओबीडी (गाडीची स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा) वाचतात. कोड पुसून गेलात तर गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या अपुऱ्या दिसतात आणि गाडी नापास होते. भारतात पीयूसीला डिझेलचा धूर मोजतात, कोड कोणी वाचत नाही, म्हणून पुसायची सवय लागते. दुरुस्ती झाल्यावर न पुसता चालवून बघा. दोष परत दिसला नाही तर सलग तीन ड्राइव्ह सायकलनंतर दिवा आपोआप विझतो, आणि कोड मेमरीतून जायला साधारण चाळीस वॉर्म-अप सायकल (थंड इंजिन चालू होऊन गरम होणं) लागतात. दुरुस्ती खरी झाली की नाही, याचा तोच पुरावा.

प्रवराकाठ

टेस्ट झाल्या. धाकटे दीर गाडी चालवत होते, मी शेजारी मोबाइल धरून. गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्रींनी गेज दिलं, लांब पाइप लावून ते बाहेरून काचेला टेपने चिकटवलं. मागून दुसरी गाडी सोबत ठेवली होती.

झाकण: दम सोडल्यावर उघडलं, फुस्स नाही. सैल ठेवूनही तेच.

गेज फिल्टरच्या पुढे: आयडलला सुई जेमतेम हलते. घाट लागल्यावर ०.१५ बार, मग ०.२, आणि मग चढत चढत ०.५ च्या जवळ. सुई ०.४ च्या पुढे गेली की मोबाइलवर रेल प्रेशर खाली यायला लागतं. १२०० वरून ९००, ७००, आणि दिवा. गाडी थांबवून इंजिन बंद केलं, थोड्या वेळाने चालू केलं तर सुई परत जाग्यावर.

दुसऱ्या खेपेला गेज फिल्टरच्या मागे लावलं. आकडे जवळजवळ तेच.

पण काका, एक कोडं आहे. दम सोडल्यावर इंजिन चालू ठेवून पारदर्शक पाइप बघितला तर बारीक बुडबुडे होते. सपाटीला एकही नसतो. मग एअर धरतेय का? मिस्त्री म्हणतात सगळे पाइप बदलू.

चौदाचा पाना

पाइप बदलू नका. व्हॅक्यूम इतका वाढला की डिझेलमध्ये विरघळलेली हवाच सुटून बाहेर पडते, त्याचे ते बुडबुडे. पाइपला भोक असतं तर आत हवा शिरून व्हॅक्यूम इतका चढलाच नसता, आणि आयडललाही बुडबुडे दिसले असते.

फिल्टरच्या पुढे-मागे आकडा सारखा म्हणजे फिल्टर निर्दोष. पंप एवढ्या जोराने ओढतोय म्हणजे गिअर पंपही निर्दोष. राहिली टाकी आणि टाकीपासूनचा पाइप. दोन्हीही गॅरेजच्या बिलात नव्हते, बघा.

टाकी उतरवा. आधी डिझेल स्वच्छ कॅनमध्ये काढून घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, जवळपास वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू नको. टाकीच्या वरचा धुरळा आधी धुऊन काढा, नाहीतर युनिट (टाकीत बसणारा जाळी-पाइपचा भाग) उघडताना तोच आत पडेल. युनिट बाहेर येताना जाळीला काय लटकलंय ते नीट बघा, झटकून टाकू नका. रबर सील नवं घाला. पाइपला फिल्टरच्या टोकाकडून टाकीकडे हलक्या दाबाने हवा मारून मोकळा आहे का बघा.

वेळ असेल तर नोझलची रिटर्न टेस्टही उरकून घ्या. चारही रिटर्नला सारखे पाइप, चार सारख्या बाटल्या, गरम इंजिन आयडलला दोन-तीन मिनिटं. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा खूप भरली तर त्या नोझलवर लक्ष ठेवा. पायझो नोझल (चुंबकाऐवजी स्फटिकाने उघडणारी) असलेल्या गाडीवर मात्र ही टेस्ट अशी उघड्या बाटल्यांत करत नाहीत. त्यांच्या रिटर्नला ठरावीक प्रेशर लागतं. तुमच्या मॉडेलला सोलेनॉइडची (चुंबकाने उघडणारी) असणार, तरी खात्री करून घ्या.

प्रवराकाठ

सापडलं!

टाकी काल उतरवली. युनिट वर घेतलं तर जाळीला काळ्या प्लॅस्टिकच्या कागदाचा तुकडा, तळहाताएवढा, अर्धा गुंडाळलेला. खतांच्या गोण्यांच्या आत असतो तसा जाड नाही, पातळ, पिशवीचा. डिझेलमध्ये राहून मऊ पडला होता, बोटाने ओढला तर जाळीच्या आकाराचे चौकोन त्यावर उमटलेले. सोबत तळाला चमचाभर बुळबुळीत काळा गाळ आणि कापडाचे धागे. आमचं झाकण चावीचं आहे, नंतर बसवलेलं. आधीच्या मालकाकडे फोन करून विचारलं, तर मूळ झाकण हरवलं होतं आणि बरेच दिवस तोंडाला पिशवी आणि फडकं कोंबून गाडी चालली होती.

टाकी धुतली, वाळवली, सील आणि तांब्याचे वॉशर नवे, फिल्टरही बदलून टाकला. रिटर्न टेस्टला चारही बाटल्या जवळपास सारख्या.

आज पहाटे भरलेली गाडी घेऊन गेलो. चंदनापुरी घाट तिसऱ्या गिअरमध्ये एका दमात. सुई ०.१५ च्या पुढे गेली नाही, रेल प्रेशर मागितलं तेवढं मिळत होतं. दिवा अजून आहे, साता समुद्रापार दादा म्हणाले तसं पुसला नाही, आपोआप विझतो का बघतेय. पाना काका, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. नारायणगावला आलात तर घरी जेवायला यायचंच.

चौदाचा पाना

ताई, पोट भरलं. तो तुकडा मिस्त्रींना दाखवा, त्यांच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पंप वाचेल.

बुळबुळीत गाळ म्हणताय त्यावर मात्र लक्ष ठेवा. टाकीत पाणी साचलं की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, त्यांचा तो थर असतो. पावसाळाभर सेडिमेंटरचं पाणी नियमित सोडा, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली ओलच पाणी होऊन तळाला उतरते.

लोडिंगलाइन

ताई, अभिनंदन. आमच्याही एका गाडीला हाच कोड आहे, पण तिच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे, चावी ऑन केली की घूं आवाज येतो. तिला व्हॅक्यूम गेज कसं लावायचं?

चौदाचा पाना

तिला व्हॅक्यूम नाही, प्रेशर मोजायचं. टाकीतला पंप डिझेल ढकलतो, म्हणून फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज लावा आणि लोडवर किती पडतं ते बघा. किती हवं ते मॉडेलच्या पुस्तकात असतं, अंदाजाने धरू नका. त्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर दिसेल, ही एक सोय. लोड असतानाच पंपाच्या कपलरवर व्होल्टेजही मोजा, रिले आणि अर्थिंग गंजलेली असली की पंप फिरतो पण जोर नसतो. फ्रीझ फ्रेमचा फोटो, गरम-थंड सेल्फ कसा लागतो ते आणि हे आकडे घेऊन नवा धागा काढा भाऊ, तिथे बोलू. तोवर तो पंप कोणाला उघडू देऊ नका.